विश्वापेक्षा पृथ्वी मोठी: वयाच्या एका पेचाचा अभ्यास

१९२९ साली दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्यांचा एकमेकांच्या कामाशी काही संबंध नव्हता. केंब्रिजच्या अर्नेस्ट रदरफर्ड यांनी युरेनियमच्या दोन समस्थानिकांच्या आजच्या प्रमाणावरून हिशेब मांडला आणि पृथ्वीच्या वयाची कमाल मर्यादा ३.४ अब्ज वर्षं काढली. तिकडे कॅलिफोर्नियात, माउंट विल्सन वेधशाळेतून, एडविन हबल यांनी दीर्घिकांची अंतरं आणि त्यांचे दूर जाण्याचे वेग यांचा आलेख छापला. त्या आलेखाच्या चढावरून विश्वाचं वय निघत होतं जेमतेम २ अब्ज वर्षं.

लेक आईपेक्षा वयानं मोठी निघण्याची शक्यता कागदावर आली होती. पुढच्या वीस वर्षांत दगडांचे आकडे पक्के होत गेले, शक्यता विसंगती बनली, आणि त्या विसंगतीतून विश्वाच्या उत्पत्तीबद्दलचे दोन परस्परविरोधी सिद्धांत उभे राहिले. त्यातला एक पुढे कोल्हापूरच्या मातीतल्या एका माणसानं आयुष्यभर चालवला.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात बोलायला उभा राहिलो की "महास्फोटाच्या आधी काय होतं?" हा प्रश्न हमखास येतो. "विश्वाचं वय काढतात कसं, आणि ते चुकलं तर कळतं कसं?" असं क्वचितच कुणी विचारतं. मला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. विश्वाचा उगम आणि त्याचा आकार या दोन्हींबद्दल आज आपण जे ठामपणे बोलू शकतो, त्यातलं बरंचसं वयाच्या या भांडणातून हाती आलं आहे.

एसटीचा हिशेब

समजा, स्वारगेटहून सुटलेल्या दोन गाड्यांची खबर आपल्याला फोनवर मिळाली. एक ६० किलोमीटरवर आहे आणि ताशी ३० च्या वेगानं चालली आहे. दुसरी १२० किलोमीटरवर आहे आणि ताशी ६० नं. अंतराला वेगानं भागा. दोन्हींचं उत्तर दोन तास येतं, म्हणजे त्या एकदमच सुटल्या. जितकी लांब तितकी वेगवान, हे प्रमाण सगळ्या गाड्यांना लागू पडलं की सुटण्याची वेळ एकच निघते. हबल यांच्या आलेखात दिसलं ते नेमकं हेच. फरक इतकाच की विश्वाला स्वारगेट नाही. कुठल्याही दीर्घिकेवर उभं राहून पाहिलं तरी बाकीच्या तशाच दूर जाताना दिसतील. पण वेळेच्या भागाकाराला त्यानं बाधा येत नाही.

आता खरे आकडे घेऊ. एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. किलोमीटरमध्ये लिहायचं तर ३०९ वर १७ शून्यं. हबल यांच्या हिशेबानं इतक्या अंतरावरची दीर्घिका सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर वेगानं दूर जात होती. या आकड्याला पुढे हबल स्थिरांक म्हणू लागले. भागाकार करा, सेकंदांची वर्षं करा (वर्षाचे सेकंद ३ कोटी १६ लाख), की १.९६ अब्ज वर्षं हा आकडा येतो. वहीच्या एका पानावर होणारं गणित आहे. एकदा स्वतःच्या हातानं करून पाहावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

खरी अडचण याच्याही पुढे होती. गुरुत्वाकर्षण ब्रेकसारखं काम करतं. दीर्घिका एकमेकींना ओढतात, म्हणजे गाडी पूर्वी जोरात होती आणि आता मंदावली आहे. मग ती सुटून दोन तासांपेक्षा कमीच वेळ झाला असणार. आइन्स्टाइन आणि विलेम डी सिटर यांनी १९३२ साली सपाट (म्हणजे शाळेतली भूमिती जशीच्या तशी लागू पडणाऱ्या), फक्त द्रव्यानं भरलेल्या विश्वाचं सर्वांत साधं प्रारूप मांडलं. त्यात भागाकाराच्या दोन तृतीयांश एवढंच वय मिळतं. म्हणजे १.३ अब्ज वर्षं. रदरफर्ड यांच्या मर्यादेच्या निम्मंही नाही.

चूक असेल तर ती तीनच ठिकाणी असू शकत होती. दगडांचं घड्याळ चुकलं असेल, दीर्घिकांची अंतरं चुकली असतील, किंवा गाडी कशी चालत आली याबद्दलची समजूत चुकली असेल. या तिन्ही शक्यता तीन वेगवेगळ्या गटांनी धसास लावल्या.

दगडांचं घड्याळ

युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४.४७ अब्ज वर्षं आणि युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. पहिला शेवटी शिसे-२०६ मध्ये संपतो, दुसरा शिसे-२०७ मध्ये. एकाच दगडात दोन वेगानं चालणारी दोन घड्याळं, त्यामुळे एक दुसऱ्याची परीक्षा घेतं. १९४६ मध्ये आर्थर होम्स यांनी या पद्धतीनं पृथ्वीचं वय ३ अब्ज वर्षांच्या आसपास आणलं. पण मुळात, पृथ्वी घडली तेव्हा शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण काय होतं, हे नक्की कळल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता.

ते कोडं क्लेअर पॅटरसन यांनी सोडवलं. अॅरिझोनात मोठं विवर पाडणाऱ्या कॅन्यन डायब्लो उल्केच्या तुकड्यात लोखंड-गंधकाचं एक खनिज असतं. त्यात युरेनियम जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्यातलं शिसं सूर्यमाला घडली तेव्हाचंच, जसंच्या तसं टिकलेलं. पॅटरसन ते मोजायला बसले तेव्हा आकडे वेडेवाकडे येऊ लागले, कारण उल्केत जेवढं शिसं होतं त्याहून जास्त प्रयोगशाळेतच होतं. भांड्यांत, पाण्यात, हवेतल्या धुळीत, अगदी माणसाच्या कपड्यांवर. मग त्यांनी कॅलटेकमध्ये आपली खोलीच नव्यानं उभारली. भांडी आम्लानं पुन्हा पुन्हा धुतली, आत येणारी हवा गाळून घेतली. वर्षं या सफाईत गेली. १९५६ साली आकडा छापून आला: ४.५५ अब्ज वर्षं, चूकभूल ७ कोटी. आजही तो जवळपास तसाच उभा आहे. पुढे याच माणसानं पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध लढा दिला. प्रयोगशाळेत घुसणारं शिसं येतं कुठून, हे त्याला या कामातच उमगलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याकडे नेहमी निघते. पूजेच्या संकल्पात आपण 'श्वेतवाराहकल्पे' म्हणतो. तो कल्प ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचं मोजलेलं वय ४५५ कोटी. आकडे शेजारी शेजारी आले की अंगावर रोमांच येतो, हे मी समजू शकतो. इतक्या प्रचंड काळाची कल्पना करण्याचं धाडस आपल्या पूर्वजांनी केलं, याचा मला अभिमान आहे. पण कल्पाचा आकडा युगांच्या गुणाकारातून आला आहे, दगडातून नाही. त्याची चूकभूल किती, हे विचारता येत नाही. पॅटरसन यांच्या ४.५५ च्या मागे '७ कोटी इकडे-तिकडे' लिहिलेलं आहे, आणि माझ्या मते मोजणीचं सारं वजन त्या शेपटीत आहे.

तर, दगडांचं घड्याळ चुकलेलं नव्हतं. दिवसेंदिवस ते विश्वाला आणखीच अडचणीत आणत होतं.

आरंभच काढून टाकला तर?

तिसरी शक्यता, म्हणजे समजूत चुकल्याची, सर्वांत मोहक होती. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी आइन्स्टाइन यांनीच टाकून दिलेला वैश्विक स्थिरांक, म्हणजे अवकाशाला दूर ढकलणारं समीकरणातलं पद, परत उचलला. त्यांच्या प्रारूपात विश्व प्रसरण पावतं, मध्येच बराच काळ रेंगाळतं, मग पुन्हा वेग घेतं. रेंगाळण्याच्या काळात हवी तेवढी वर्षं भरता येतात. गाडी वाटेत ढाब्यावर थांबली होती, असं म्हणण्यासारखं आहे हे. उत्तर जुळतं, पण किती वेळ थांबली हे आपणच ठरवायचं. बहुतेकांना ते ओढूनताणून वाटलं.

१९४८ मध्ये हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉयल यांनी त्याहून मोठी उडी घेतली. विश्वाला आरंभच नाही, असं ते म्हणाले. ते प्रसरण पावतं, पण रिकामं होत नाही, कारण नवं द्रव्य सतत निर्माण होत राहतं. प्रमाण अगदी नगण्य: एका घनमीटरमध्ये काही अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. त्यामुळे विश्वाचं रूप सर्व काळी सारखंच. मग '२ अब्ज वर्षं' हे विश्वाचं वय उरत नाही. तो फक्त प्रसरणाचा वेग सांगणारा आकडा ठरतो, आणि पृथ्वी ४ अब्ज वर्षांची असायला कुणाची हरकत राहत नाही. वयाचा पेच हे या स्थिर स्थिती सिद्धांताचं सर्वांत धारदार हत्यार होतं. १९४९ मध्ये बीबीसीवर बोलताना प्रतिस्पर्धी कल्पनेला, म्हणजे विश्वाला एका क्षणी आरंभ झाला या कल्पनेला, हॉयल 'बिग बँग' (महास्फोट) म्हणाले आणि तेच नाव तिला कायमचं चिकटलं.

हॉयल यांच्या हाताखाली केंब्रिजमध्ये संशोधन करायला आलेले जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले. १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, १९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलसंशोधन संस्था उभी राहिली. आमच्या पिढीतल्या अनेकांना विश्व ही मराठीत विचार करण्याजोगी गोष्ट आहे हे त्यांनीच शिकवलं. मे २०२५ मध्ये ते गेले. महास्फोट त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही, आणि यावर लोक दोन टोकांना बोलतात. कुणी म्हणतं हट्ट, कुणी म्हणतं दडपलेलं सत्य. मला दोन्ही पटत नाही. १९४८ चे आकडे समोर ठेवून पाहिलं तर आरंभ नाकारणं हा पूर्ण तर्कशुद्ध पर्याय होता. तो हरला तो पुराव्यावर, आणि पहिला घाव तिथे बसला जिथे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं: अंतरांवर.

काचेच्या पट्टीवरचा ठिपका

देवयानी दीर्घिकेचं अंतर काढण्याची गुरुकिल्ली हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी दिली होती. सेफीड जातीचे रूपविकारी तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. हा काळ जितका मोठा तितका तारा मुळात तेजस्वी, हा नियम त्यांनी १९१२ मध्ये पक्का केला. मुळातलं तेज कळलं आणि डोळ्याला दिसणारं तेज मोजलं की अंतर निघतं. ऑक्टोबर १९२३ मध्ये हबल यांनी देवयानीचं छायाचित्र असलेली एक काचपट्टी घेतली. तिच्यावर नवतारा (अचानक उजळणारा तारा) समजून एका ठिपक्याशेजारी त्यांनी 'एन' लिहिलं होतं. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर ते अक्षर खोडलं, आणि 'रूपविकारी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरं लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलं. ती खाडाखोड आजही त्या काचेवर दिसते. ताऱ्याचा फेरा ३१ दिवसांचा, आणि त्यावरून अंतर निघालं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं.

चूक त्या ठिपक्यात नव्हती, लेव्हिट यांच्या नियमातही नव्हती. चूक होती 'मुळातलं तेज' ठरवणाऱ्या मापात, आणि ती पकडली वॉल्टर बाडे यांनी. बाडे जर्मन. अमेरिकेचं नागरिकत्व घेणं राहून गेलेलं, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ते 'शत्रूदेशाचे नागरिक' ठरले. सहकारी युद्धाच्या कामावर गेले आणि बाडे माउंट विल्सनवर राहिले. खाली लॉस एंजेलिसचे दिवे युद्धामुळे मंदावलेले, वर १०० इंची दुर्बीण आणि हाताशी भरपूर रात्री. त्या अंधारात त्यांनी देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे प्रथमच वेगळे टिपले आणि १९४४ मध्ये दाखवून दिलं की ताऱ्यांच्या दोन जाती आहेत: फाट्यांतले तरुण आणि गाभ्यातले म्हातारे.

मग पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. देवयानी खरोखर ९ लाख प्रकाशवर्षांवर असती, तर आरआर लायरी जातीचे, मुळातलं तेज माहीत असलेले रूपविकारी तारे या दुर्बिणीला दिसायलाच हवे होते. बाडे यांनी शोधले आणि ते दिसले नाहीत. न दिसणं हाच पुरावा होता. देवयानी आणखी दूर आहे, आणि तरुण सेफीड तारे समजत होतो त्यापेक्षा सुमारे चौपट तेजस्वी आहेत. तेज चौपट म्हणजे अंतर दुप्पट. अंतर दुप्पट म्हणजे भागाकार दुप्पट.

सप्टेंबर १९५२ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेच्या अधिवेशनात बाडे यांनी हे सांगितलं. प्रिटोरियाच्या वेधशाळेतले डेव्हिड थॅकरे यांनी तिथेच मॅगेलनी मेघांतल्या (आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांतल्या) निरीक्षणांचा दुजोरा दिला. त्या बैठकीचं टिपण लिहिण्याचं काम होतं फ्रेड हॉयल यांच्याकडे. विश्वाचं वय दुप्पट झालं, आपल्या सिद्धांताचं सर्वांत धारदार हत्यार बोथट झालं, हे त्यांना स्वतःच्या हातानं नोंदवावं लागलं. या सगळ्या प्रकरणात माझं मन सर्वांत जास्त रेंगाळतं ते या प्रसंगापाशी.

१९५८ मध्ये अॅलन सँडेज यांनी आणखी एक चूक काढली. दूरच्या दीर्घिकांत ज्यांना एकेक तारा समजलं गेलं होतं, त्यांतले कित्येक चमकणाऱ्या वायूचे ढग निघाले. ५०० चा आकडा ७५ वर उतरला आणि भागाकार १३ अब्ज वर्षांवर गेला. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारी सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी, म्हणजे तप्त आरंभाची उरलेली ऊब, सापडल्याचं जाहीर झालं, आणि तापलेल्या आरंभाकडे बहुतेकांचा कल झुकला.

तेच लक्षण, दुसरा आजार

१९९४ मध्ये तेच दुखणं परत आलं. हबल अंतराळ दुर्बिणीनं सेफीड तारे मोजले आणि हबल स्थिरांक ८० च्या आसपास निघाला. सपाट, फक्त द्रव्य असलेलं विश्व धरलं तर वय ८ अब्ज वर्षं. गोलाकार गुच्छांतले म्हातारे तारे मात्र १४ ते १६ अब्ज वर्षांचे मोजले जात होते.

विश्वाचा आकार इथे थेट वयाशी भिडतो. फक्त द्रव्य असलेल्या विश्वात द्रव्य जास्त तर ब्रेक जास्त, आकार गोळ्यासारखा मिटलेला आणि वय कमी. द्रव्य कमी तर आकार खोगिरासारखा उघडा आणि वय जास्त. सिद्धांतकारांना सपाट विश्व हवं होतं, ताऱ्यांचं वय उघड्या विश्वाकडे बोट दाखवत होतं. १९९६ मध्ये आयुकात जसजीत बागला, टी. पद्मनाभन आणि नारळीकर यांनी वय, दीर्घिकांचे समूह आणि इतर बंधनं एका आलेखावर एकत्र मांडली. वैश्विक स्थिरांक शून्य धरला तर जागा किती आक्रसते, हे त्यात डोळ्यांना दिसत होतं.

या वेळी थोडी चूक ताऱ्यांच्या मापात निघाली. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजणीनं १९९७ नंतर म्हाताऱ्या ताऱ्यांचं वय खाली आलं. पण मुख्य दोष समजुतीतच होता. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरचे अतिनवतारे (स्फोट होऊन उजळलेले तारे) अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अपेक्षेपेक्षा दूर असल्याचं दाखवलं. प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे. गाडी पूर्वी हळू होती, म्हणून सुटून जास्त वेळ झाला. लमेत्र यांनी जवळ केलेला वैश्विक स्थिरांक परत आला, आणि या वेळी किती वेळ थांबायचं हे आपण ठरवण्याची गरज उरली नव्हती.

आकाराचा निकालही काळाच्याच मोजपट्टीनं लागला. आरंभानंतर ३,८०,००० वर्षं विश्व तप्त आणि अपारदर्शक होतं. त्या अवधीत ध्वनिलहर जास्तीत जास्त किती दूर जाईल हे गणितानं काढता येतं. वेळ माहीत, वेग माहीत, म्हणजे पट्टीची लांबी माहीत. ती पट्टी आज आकाशात किती कोनात दिसते, यावरून मधल्या अवकाशाचा आकार ठरतो. अंटार्क्टिकावर उडवलेल्या बूमरँग बलूनच्या निरीक्षणांतून २००० साली उत्तर आलं: सुमारे एक अंश. सपाट विश्वात जेवढा यायला हवा तेवढाच.

म्हणून १९५२ ची गोष्ट सांगून "मापं तपासा, सिद्धांत टिकेल" एवढाच बोध घेणं मला अपुरं वाटतं. वयाची विसंगती हे ताप येण्यासारखं लक्षण आहे. एकदा दोष फूटपट्टीत होता, एकदा बराचसा सिद्धांतात. आकडेच बघून ते ओळखता आलं नाही. पहिल्या खेपेला सिद्धांत बदलणारे चुकले, आणि दुसऱ्या खेपेला फक्त मापांकडे संशयानं बघत बसलेले.

आज, सूक्ष्मलहरींची ती पार्श्वभूमी टिपणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजणीतून हबल स्थिरांक ६७.४ येतो आणि विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या शिडीनं चढलेल्या गटाचा आकडा ७३. चूकभुलीच्या मर्यादा एकमेकींना शिवत नाहीत. आता कोणता आजार, यावर वाद चालू आहे, आणि त्यात म्हाताऱ्या ताऱ्यांची साक्ष पुन्हा काढली जाते.

असा एक साक्षीदार तूळ राशीत आहे. एचडी १४०२८३ हे त्याचं नाव, आपल्यापासून अंतर सुमारे २०० प्रकाशवर्षं. २०१३ मध्ये त्याचं वय १४.४६ अब्ज वर्षं निघालं होतं, चूकभूल ८० कोटी. पुढच्या अभ्यासांनी ते बरंच खाली आणलं आहे. त्याची प्रत (तेजाचं माप) ७.२, म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण मे महिन्यात, अमावास्येच्या आसपास, गावाबाहेरच्या माळावर साधी द्विनेत्री घेऊन मी तो शोधला आहे. वृश्चिकाच्या डोक्यापासून वर, वायव्येकडे सरकत गेलं की नकाशातल्या जागी एक फिकट ठिपका येतो. शेजारच्या ताऱ्यांपेक्षा काही वेगळा दिसत नाही. पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता, तेव्हापासून तो जळतो आहे.